सातव्या भागाचं आवरण

५ जानेवारी

प्रिय भिंगू,

फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी बोलत सुटते, तू गप्प बसतेस, आणि फोन ठेवल्यावर दोघींनाही वाटतं की आपणच हरलो. म्हणून पत्र.

आधी बाबांचं सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात थोडा परत आला आहे, बोलणं नाही. 'हं' आणि 'नको' एवढे दोन शब्द उरलेत. पण डोकं लख्ख आहे. परवा त्यांना दुकानात खुर्चीवर आणून बसवलं, तर एका फळीकडे बघून सारखे 'नको, नको'. जाऊन पाहिलं, तर मी एक पुस्तक उलटं लावलं होतं. वाचा गेली तरी चुका काढणं गेलेलं नाही.

आता खरी बातमी. बसून वाच.

त्यांच्या पलंगामागचं कुलपाचं कपाट आठवतं? आत काय आहे विचारलं की 'म्हातारपणची करमणूक' म्हणायचे. ते मी उघडलं. आत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ती घड्याळजीची कादंबरी आहे, आणि बांधलेलं पुस्तक नव्हे, तर दर महिन्याला एकेक करून निघालेले सुटे भाग! सगळेच्या सगळे. प्रत्येकाला फिकं निळं कागदी आवरण, आत दोन चित्रं, मागेपुढे केसांच्या तेलाच्या आणि गुडघ्याच्या मलमाच्या जाहिराती. तुला सांगायची गरज नाही, पण लिहिताना मजा येते म्हणून सांगते. त्या काळी शेवटचा भाग हाती पडला की लोक सगळे भाग बाइंडरकडे टाकायचे, आणि तो आवरणं नि जाहिराती फाडून केरात घालायचा. त्यामुळे आवरणांसकट पूर्ण संच म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. खरी पहिली आवृत्ती हीच.

प्रत्येक भागात पहिल्या छपाईची खूण जिथे सापडली, तिथे बाबांनी समासात पेन्सिलीनं बारीक बाण काढून ठेवला आहे. सगळ्या भागांत बाण आहेत. सातव्यात तेवढा नाही, राहून गेला असेल.

मार्चअखेरीला संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे. मंडळाचे चिटणीस स्वतः येऊन बघून गेले. मधल्या काचेच्या पेटीत आपला संच असणार. माहितीचं टिपण मी लिहायचं, ते माझ्या नावानं छापलं जाणार. ते पत्रक मला बाबांच्या हातात द्यायचं आहे. तू आमच्याकडे शिकायला राहिलीस, त्या वर्षांत ते तुला 'बरोबर' म्हणायचे आणि मला 'बघ पुन्हा'. आता 'बरोबर' म्हणता येणार नाही त्यांना. 'हं' म्हणाले तरी मला पुरे आहे.

तुझं मत मागत नाहीये. फक्त कळवते आहे.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

प्रिय ताई,

मामांचा हात परत येतो आहे हे वाचून बरं वाटलं. उलट्या पुस्तकाचा प्रसंग वाचून हसू आलं आणि मग रडूही आलं.

संचाबद्दल तुझं अभिनंदन. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पत्र वाचून पहिल्यांदा जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. मी ग्रंथालयात माझ्या टेबलाशी बसले होते, आणि पहिला विचार आला तो असा: मामांनी ते कपाट मला का दाखवलं नाही? चार वर्षं मी त्या घरात होते. त्यांच्याशेजारी बसून पानं मोजली, छापील कागदांच्या घड्या उलगडून फर्मे तपासले, चित्राच्या पानाचा रंग समोरच्या पानावर कसा उतरतो ते शिकले. 'पुस्तकावरचं काहीही पुसायचं नाही, घाण असली तरी ती पुस्तकाचीच आहे' हे वाक्य मी आज माझ्या हाताखालच्या लोकांना माझंच असल्यासारखं ऐकवते. आणि कपाट मात्र तुझं निघालं. तू त्यांची मुलगी आहेस. कपाट तुझंच असणार, हे मला कळतं. कळल्यामुळे फारसा फरक पडत नाही.

नोकरी लागून मी निघाले तेव्हा मामांनी मला एक भाग दिला होता, याच कादंबरीचा. आवरण नसलेला, उघडा. कितवा ते पानांच्या आकड्यांवरून काढता आलं असतं. मी काढलं नाही. मला तेव्हा लागलं होतं. ताईला अख्खं दुकान आणि मला बिनआवरणाचा एक तुकडा, असं मनात आलं होतं. तो भाग तसाच माझ्या कपाटाच्या तळाशी आहे.

मत मागत नाहीस म्हणालीस. तरीही विचारते, फोटो पाठवशील का? आवरणांचे, चित्रांचे, आणि आतल्या कडेला जिथे शिवण आहे त्या जागेचे. खुसपट काढायला मागते आहे का, हे मी स्वतःला विचारलं. नाही, असं उत्तर आलं. पण उत्तर जरा लवकरच आलं.

तुझी,
भिंगू


२० जानेवारी

भिंगूबाई,

घे फोटो. पाकीट फुगलं आहे, पोस्टातली बाई म्हणाली लग्नाचे आहेत का. मी म्हटलं, हो, एका घड्याळजीच्या तीन मुलींचे.

तुझ्या त्या तुकड्याबद्दल. मला कधी बोलली नाहीस. बाबांनी तुला काही दिलं हेच मला माहीत नव्हतं. आणि तुला लागलं म्हणतेस! तू एक ट्रंक घेऊन आलीस, तेव्हा मी माझी अर्धी खोली दिली, अर्धा आरसा दिला. वर्षभरात दुकानातली माझी खुर्चीही गेली, बाबांशेजारची. मी गल्ल्यावर, तू भिंगाशी. तुला भिंगू हे नाव त्यांनी लाडानं ठेवलं. मला ते लाडानं कधी घेता आलं नाही, इतकी वर्षं होऊनसुद्धा.

फोटो बघ. छान आहेत. ओल लागलेली आहे थोडी, पाचव्यापासून नवव्यापर्यंत खालच्या कोपऱ्यात. सातवा आतून अगदी स्वच्छ राहिला आहे, नशीब.

टिपण पंधरा फेब्रुवारीला छापायला जाईल. त्याआधी काही बोलायचं असेल तर बोल. नंतर बोललीस तर मी ऐकून घेणार नाही.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं. एकात मी फार हळू बोलत होते, दुसऱ्यात फार मोठ्यानं.

सातवा भाग खरा नाही. म्हणजे आवरण खरं आहे, आतलं नाही.

तू नशीब म्हणालीस, तिथे मी अडले. पाचवा, सहावा, आठवा, नववा या सगळ्यांना खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे, जिभेच्या आकाराचा, आणि तो भागागणिक लहान होत जातो. एकावर एक ठेवलेल्या भागांत पाणी झिरपलं की असंच होतं. सातव्याच्या आवरणावर तो डाग आहे. आतल्या पानांवर नाही. पाणी आवरणातून आत शिरलं नाही, आणि सहाव्यातून उडी मारून आठव्यात गेलं, असं होत नाही.

मग शिवणीचा फोटो भिंगाखाली धरला. हे भाग कडेनं टोचून शिवायचे, तीन भोकं पाडून. तुझ्या सातव्याच्या आवरणाला तीन भोकं आहेत आणि आतल्या पानांना सहा. तीन त्यांची स्वतःची, दोरा नसलेली, आणि तीन नंतर पाडलेली, आवरणाच्या भोकांशी जुळावीत म्हणून. दोराही बाकीच्या भागांसारखा नाही, जास्त पांढरा आहे.

इथवर आल्यावर मी थांबले आणि रोजनिशीत लिहिलं: 'मला चूक सापडली आणि मी खूश झाले.' तसंच तुला कळवते. चूक आहे म्हणून मी खूश झाले, की खूश व्हायचं होतं म्हणून चूक दिसली, ही शंका मला होती. म्हणून एक आठवडा फोटोंना हात लावला नाही. मग पुन्हा पाहिले. भोकं सहाच होती.

त्यानंतर मी माझा उघडा भाग तळातून काढला.

ताई, तो सातवाच आहे. खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे, सहाव्याहून लहान आणि आठव्याहून मोठा. कडेला तीन भोकं आहेत. तुझ्या आवरणाचा फोटो मी खऱ्या मापात करून घेतला आणि त्याच्यावर ठेवला. तिन्ही भोकं एकावर एक बसली.

आणखी एक. पहिल्या चित्रात घड्याळजीचं दुकान आहे, मागे भिंतीवर मोठं घड्याळ. तुझ्या प्रतीत त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. माझ्या प्रतीत घड्याळाला काटेच नाहीत. चित्रकार घाईत विसरला असणार, आणि तेही घड्याळजीच्याच दुकानात! पुढच्या छपाईच्या वेळी कुणी हसलं असेल, मग त्यानं ठशात काटे कोरले. कोरलेले काटे ठशातून परत जात नाहीत. म्हणजे माझा भाग आधीचा, तुझा नंतरचा.

मामांनी मला तुकडा दिला नव्हता. त्यांनी संच मोडून त्यातलं आतलं काढून मला दिलं, आणि आवरण मागे ठेवून त्यात दुसरं आतलं भरलं, रिकामी जागा दिसू नये म्हणून. मी वीस वर्षं ज्याच्यावर रुसले होते ते हे.

टिपण छापायला जायच्या आत कळावं म्हणून हे लिहिते आहे. हे कारण खरं आहे. ते एकमेव कारण आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

भिंगू


६ फेब्रुवारी

पत्र मिळालं. टिपण थांबवलं आहे. चिटणीसांना 'घरात आजारपण' असं कळवलं.

भोकं मी मोजली. सहा आहेत.

तुला हवं होतं ते मिळालं ना?


१९ फेब्रुवारी

भिंगू,

मागचं पत्र रागात टाकलं होतं. हे रागात नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मी मजेत आहे.

दहा-बारा दिवस मी बाबांशी धड बोलले नाही. औषध द्यायचं, उशी सरळ करायची, बस्स. ते बघत राहायचे. शेवटी काल सकाळी ऊन आल्यावर त्यांना खिडकीशी बसवलं, मांडीवर सातवा भाग ठेवला आणि विचारलं, "बाबा, याच्या आतलं भिंगूला दिलंत?"

"हं."

"मुद्दाम?"

माझ्याकडे बघत राहिले. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मग मला एकदम सुचलं. म्हटलं, "की दोन सातवे होते तुमच्याकडे? एक चांगल्या आवरणाचा, एक फाटक्या आवरणाचा. दोन्ही उसवून टेबलावर ठेवलेत, चांगलं आवरण चांगल्या पानांना लावायला. आणि आतलं इकडचं तिकडे झालं?"

"हं."

"म्हणजे संचातला खरा भाग ठेवायचा होता, आणि उरलेला तिला द्यायचा होता?"

"हं," म्हणाले, आणि माझा हात धरून दाबला. डाव्या हातानं नाही, उजव्यानं!

तेव्हा ऐक. तुझ्यासाठी कुणी संच मोडला नव्हता. तुला उरलेलं दिलं होतं, निदान देणाऱ्याच्या मनात तरी तसंच होतं. खरा भाग तुझ्याकडे गेला तो गडबडीत, म्हणजे चुकून. घराघरांत चष्मे हरवतात, आमच्या घरात सातवे भाग हरवतात.

मी दुष्टपणा करते आहे असं वाटेल तुला. करू दे की थोडा. तू आलीस त्या दिवसापासून मी या घरात दुसरी होते. काल एका सकाळी पहिली झाले, आणि तेही बाबांच्या चुकीमुळे. चूक तर चूक.

आता कामाचं. तुझा भाग पाठवतेस का? हक्कानं मागत नाही. दिलेली वस्तू तुझी. पण आवरण इथे आहे आणि प्रदर्शनाला अजून सव्वा महिना आहे. चिटणीसांना खरं सांगून टिपण नव्यानं लिहीन.

ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

भाग रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला आहे, बाहेर मेणकागद. उघडताना कात्री वापरू नकोस.

मामांनी सांगितलं तसंच झालं असणार. दोन भाग उसवून ठेवले की असा घोटाळा होऊ शकतो. त्या दिवसांत माझ्या निघण्याची गडबड होती, मामीही आजारी होती, त्यांचं लक्ष नसेल. माझं मागचं पत्र मी घाईनं लिहिलं. पुरावा डागाचा आणि भोकांचा होता. तो भाग कोणत्या मनानं दिला, याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. तरी मी तसं लिहिलं, ते चुकलं.

भाग संचातच ठेव. परत पाठवायची गरज नाही.

त्यांचा उजवा हात खरंच दाबण्याइतका आला हे वाचून फार बरं वाटलं. हे वाक्य लिहायला वेळ लागला नाही.

तुझी,
भिंगू


८ मार्च

भिंगू,

भाग मिळाला. कात्री वापरली नाही.

आवरण आणून ठेवलं. भोकं बसली, डाग बसला. आता संच पुरा झाला, असं वाटलं. मग ते बिनकाट्यांचं घड्याळ बघायला म्हणून चित्राचं पान खिडकीशी नेलं, आणि उजेड तिरका पडला.

डाव्या समासात, बरोबर घड्याळाच्या उंचीवर, कागद घासलेला आहे. तेवढाच एक ठिपका बाकीच्या पानाहून पांढरा. पेन्सिल गेली आहे, पण दाबून काढलेली रेघ कागदात असते ती कुठे जाणार? बोट फिरवलं. बाण आहे. बाबांचा बाण, सरळ घड्याळाकडे.

तू पुसलास. 'पुस्तकावरचं काहीही पुसायचं नाही' हे हाताखालच्या लोकांना ऐकवणारी तू! आणि पुसलास तोही इतका वाईट. कधी सवय नाही ना.

पहिल्यांदा कळेना की का. मग खुर्चीवर बसले आणि कळलं. बाण आहे म्हणजे बाबांना माहीत होतं की पहिल्या छपाईचा भाग हाच. खूण करून मग दिला. घोटाळा नाही, काही नाही. माझ्या समाधानासाठी त्यांनी 'हं' म्हटलं, आणि माझ्याच समाधानासाठी तू बाण पुसलास. दोघांनी मिळून मला लहान मूल केलंत.

आणि एक गोष्ट विचारते. दोन फेब्रुवारीच्या पत्रात डाग होता, भोकं होती, घड्याळ होतं, तुझी सदसद्विवेकबुद्धीही होती पानभर. बाण का नव्हता? मी तर पहिल्याच पत्रात बाणांबद्दल लिहिलं होतं. तू तो हातचा राखला होतास. मी वाद घालेन, आणि मग तू शेवटी तो टाकशील. हो ना? मला असलं लगेच कळतं, कारण मीही तेच केलं असतं. फक्त मी तो नंतर टाकला असता. तू पुसलास. भिंगू, आता चांगुलपणातही तूच पुढे! एखादी तरी जागा मोकळी ठेवायची होतीस.

तिरमिरीत तो भाग घेऊन बाबांकडे गेले आणि त्यांच्या हातात दिला. अंगठा फिरवत फिरवत ते त्या घासलेल्या जागेवर आले आणि थांबले. माझ्याकडे असं बघितलं की जणू दुकानाला आग लागली आहे. म्हटलं, "मी नाही. तुमच्या लाडकीनं पुसलंय." तर हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूनंच हसतं, पण हसतं.

"मुद्दाम दिला होतात ना तिला?"

"हं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

याला 'हं' आणि 'नको'मध्ये उत्तर नाही. त्यांनी पलंगावर हात चाचपला. तो दुसरा सातवा, खोटा, तिथेच पडला होता. आवरण मी उसवून काढलं होतं, नुसती पानं, सहा भोकांची, आणि त्यातून लोंबणारा पांढरा दोरा. ती पानं त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी मागे ठेवली, तर पुन्हा सरकवली.

मग मी तो दोरा नीट पाहिला. तू लिहिलं होतंस, बाकीच्यांसारखा नाही. नाहीच. तो आईच्या शिवणाच्या डब्यातला आहे, उशांच्या अभ्र्यांना ती वापरायची तो.

भिंगू, तू विचार कर. या माणसानं आयुष्यात एका भागाचं आवरण दुसऱ्याला लावलं नाही. दुकानात येणाऱ्या त्या चष्मेवाल्या डॉक्टरांनी किती गळ घातली होती, दोन फाटक्या प्रतींची एक धड प्रत करून द्या म्हणून, तर त्यांना पायरीवरून परत पाठवलं होतं. असल्या प्रतीला ते 'खोटं लग्न' म्हणायचे. आणि मी मात्र त्या दिवशी त्यांच्याच तोंडासमोर म्हटलं, चांगलं आवरण चांगल्या पानांना लावायला घेतलं होतंत का! त्यांनी तेही 'हं' म्हणून गिळलं. इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहून त्यांना न शोभणारी गोष्ट मी त्यांना सुचवली, आणि मला ती खटकलीही नाही.

तोच माणूस कधीतरी एका दुपारी आईच्या डब्यातून सुई घेऊन बसला, आणि दुसऱ्या पानांना आवरणाच्या जुन्या भोकांबरहुकूम टोचे मारत राहिला. गिऱ्हाइकासाठी नाही. कपाट कधी उघडलं तर मला रिकामी जागा दिसू नये म्हणून. एका भोकाशी त्याचा हात चुकला आहे, कागद जरा फाटला आहे.

तुला त्यांनी खरं दिलं. माझ्यासाठी त्यांनी खोटं केलं. यातलं मोठं कोणतं, हे मी चार दिवस उलटसुलट करून पाहते आहे. ठरत नाही. पण पूर्वी मला वाटायचं की ठरलेलंच आहे.

प्रदर्शनाचं असं. संच मधल्या पेटीतच आहे. सातवा भाग शिवलेला नाही. आवरण एका बाजूला, आतलं शेजारी, आणि खाली खरी हकिगत चार ओळींत. 'आतील भाग भाचीकडून' असं त्यात आलं आहे. टिपणाखाली तुझंही नाव घातलं आहे, माझ्या नावाखाली, जरा लहान टायपात. कच्चं पान बाबांना दाखवलं. पुष्कळ वेळ वाचलं. मग लहान टायपावर बोट ठेवून 'नको' म्हणाले. मी म्हटलं, "बघा पुन्हा." पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हं."

टाइप लहानच राहील.

खोटा सातवा मी माझ्या उशाशी ठेवला आहे. तो प्रदर्शनात नाही आणि कधीच नसेल. तुझा खरा भाग प्रदर्शन संपलं की परत पाठवीन. पण हा मागू नकोस.

ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

बाण राखून ठेवला होता. हो. पत्र पाकिटात घालताना हाताला कळत होतं.

लहान टाइप मान्य आहे. खरा भाग परत नको, संचात राहू दे. हे चांगुलपणानं म्हणत नाही, त्यामुळे पुढे गेले असं समजू नकोस. तुझं पत्र आल्यापासून मी त्या खऱ्या भागाची आठवणही काढलेली नाही. मला सारखा दिसतो तो मामीचा पांढरा दोरा, आणि ते एक भोक, जिथे मामांचा हात चुकला. माझ्यासाठी त्यांचा हात कधी चुकला नाही.

प्रदर्शनाला येते. आधी घरी येईन. खोटा सातवा बाहेर काढून ठेव. मागणार नाही. नुसता हातात घेईन, तू समोर बस.

भिंगू